एचएलए तपासणी: एकाच घरातील दोन अहवालांचे परीक्षण

बाबांच्या उजव्या गालात वीज शिरावी तशी कळ यायची. दात घासताना, दाढी करताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी त्यांचा चेहरा क्षणभर आक्रसून जाई आणि पुढची काही मिनिटे ते बोलायचे टाळत. मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असे निदान केले, कार्बामाझेपिन हे औषध योग्य ठरेल असे सांगितले, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता थांबून म्हणाले, ‘‘काका, पहिली गोळी घेण्याआधी रक्ताची एक तपासणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत मी दुसरे औषध देतो.’’ ती तपासणी म्हणजे एचएलए-बी १५:०२ हे जनुकाचे रूप त्यांच्यात आहे का ते पाहणे. योगायोगाने त्याच सुमारास दादाने घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून ‘प्रतिकारशक्तीचा जनुकीय आराखडा’ मागवला होता. त्यामुळे एकाच घरात, एकाच जनुकसमूहाविषयी, दोन अगदी वेगळ्या सेवा आम्ही दोन महिन्यांच्या आत वापरल्या. या लेखात त्या दोन्हींचे परीक्षण आहे. प्रयोगशाळेचे आणि कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझे म्हणणे त्या दोन संस्थांपुरते नसून अशा प्रकारच्या सेवांविषयी आहे. अहवालांत एचएलएचे अक्षर आणि पुढचे अंक यांच्यामध्ये एक तारांकन छापलेले असते. वाचायला सोपे जावे म्हणून ते येथे गाळले आहे.

आधी तपासले काय जाते ते पाहू, कारण सेवा चांगली की वाईट हे त्यावाचून ठरवता येणार नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. रेणूच्या वरच्या बाजूला पन्हळीसारखी खाच असते आणि त्या पन्हळीत पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे लहान तुकडे बसवून ते बाहेर मांडले जातात. प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी फिरताना हे तुकडे तपासतात. तुकडा आपलाच असेल तर पुढे जातात, विषाणूचा असेल तर ती पेशी नष्ट करतात. टी पेशी परका तुकडा सुटा ओळखत नाहीत, तो स्वतःच्या एचएलए रेणूत बसलेला असेल तरच ओळखतात, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. या रेणूंचा माणसातील पहिला सुगावा त्याआधी, १९५८ मध्ये, ज्याँ दोसे यांना लागला होता. १९८० च्या नोबेलमध्ये ते एक मानकरी होते.

पन्हळीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, आणि सगळी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. सहाव्या गुणसूत्रावरील या जनुकांची आजवर ३५ हजारांहून अधिक रूपे नोंदली गेली आहेत. मानवी जनुकसंचात इतकी विविधता दुसरीकडे कोठेही नाही. आईकडून एक संच येतो, वडिलांकडून एक. माझ्या पन्हळीत विषाणूचा जो तुकडा घट्ट बसतो तो तुमच्या पन्हळीतून निसटू शकतो, आणि म्हणून एकाच संसर्गाला दोन माणसांची शरीरे वेगळे उत्तर देतात. एखाद्या रोगजंतूने एका रूपाला चकवायचे तंत्र साधले तरी दुसरी रूपे शिल्लक राहतात. ही विविधता टिकून राहण्यामागे संसर्गांशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला झगडा आहे असे संशोधक मानतात. मात्र तीच पन्हळ कधी एखाद्या औषधाच्या रेणूलाही जागा देते, आणि मग टी पेशी स्वतःच्याच त्वचेवर तुटून पडतात.

कार्बामाझेपिनच्या बाबतीत नेमके हेच घडते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याहून भीषण असलेले टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस या प्रतिक्रियांमध्ये त्वचा आणि तोंड-डोळ्यांची आतील अस्तरे भाजल्यासारखी सुटून येतात. दुसऱ्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असते, आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांना कायमची इजा होते. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये हान चिनी वंशाचे ४४ रुग्ण तपासले, ज्यांना कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झाला होता. त्या सर्वांमध्ये बी १५:०२ आढळले. तेच औषध विनातक्रार घेणाऱ्यांमध्ये हे रूप केवळ तीन टक्क्यांमध्ये होते. एखादे जनुकरूप आणि एखादी व्याधी यांच्यातील नाती शोधनिबंधांत रोजच जाहीर होतात, पण इतके घट्ट नाते फार क्वचित दिसते. त्याहून महत्त्वाचे काम पुढे झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तैवानमधील ४,८७७ जणांची औषधाआधी तपासणी करण्यात आली, ७.७ टक्के लोकांमध्ये हे रूप सापडले, त्यांना वेगळे औषध दिले गेले आणि उरलेल्यांनी कार्बामाझेपिन घेतले. पूर्वीच्या नोंदींवरून एवढ्या लोकांत सुमारे दहा जणांना ती प्रतिक्रिया व्हायला हवी होती. एकालाही झाली नाही. बाबांच्या हातावर रक्त काढल्याचा कापसाचा बोळा धरून बसले असताना हा आकडा मला ठाऊक नव्हता. नंतर वाचला तेव्हा त्या डॉक्टरांच्या थांबलेल्या पेनाविषयी मनापासून कृतज्ञता वाटली.

आता त्या सेवेकडे येते. नमुना देण्याची प्रक्रिया दहा मिनिटांची होती: जांभळ्या झाकणाच्या एका लहान नळीत रक्त, उपाशीपोटी राहण्याची गरज नाही. अर्जात ‘अलीकडे रक्त चढवले आहे का’ आणि ‘अस्थिमज्जा रोपण झाले आहे का’ असे दोन प्रश्न छापलेले होते, पण नमुना घेणाऱ्याने ते न विचारताच रिकामे सोडले. हे मला खटकले आणि मी ते स्वतः भरून घेतले. अस्थिमज्जा रोपण झालेल्या माणसाच्या रक्तातील पेशी दात्याच्या असतात. अशा वेळी रक्तावरून केलेला अहवाल रुग्णाचा नसून दात्याचा ठरतो. ज्या तपासणीवर औषधाचा निर्णय उभा राहणार आहे, तिच्यातील असा प्रश्न रिकामा राहणे ही किरकोळ बाब नव्हे.

अहवाल पाचव्या दिवशी आला आणि तो एका पानाचा होता. त्या एका पानाचे मी मनापासून कौतुक करते. वर विचारलेला प्रश्न होता: रुग्णामध्ये बी १५:०२ आहे की नाही. खाली उत्तर: आढळले नाही. त्याखाली वापरलेली पद्धत, आणि मग मर्यादा चार ओळींत स्पष्ट मांडलेल्या: ही तपासणी केवळ या एका रूपासाठी आहे, नकारात्मक अहवालाचा अर्थ कोणतीही त्वचाप्रतिक्रिया होणारच नाही असा नाही, औषध सुरू केल्यावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांना भेटावे. कोणताही रंग नाही, कोणताही आलेख नाही, भविष्यकथन नाही. विचारले तेवढेच सांगितले आणि जे सांगितले त्याची हद्द आखून दिली.

तक्रारही नोंदवते. एचएलए-ए ३१:०१ नावाचे आणखी एक रूप आहे. युरोपीय आणि जपानी रुग्णांमध्ये त्याचा कार्बामाझेपिनच्या त्वचाप्रतिक्रियांशी संबंध असल्याचे २०११ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. प्रयोगशाळेकडे ही तपासणी उपलब्ध होती, तिचा उल्लेख मात्र अर्जावर कोठेही नव्हता. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी ती करून घेण्यास संमती दिली, आणि त्याच नमुन्यातून ती झालीही. बी १५:०२ हे रूप हान चिनी, थाई, मलाय अशा पूर्व आणि आग्नेय आशियाई लोकांमध्ये अधिक आढळते, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये ते फार विरळ आहे. म्हणजे कोणासाठी कोणती तपासणी अधिक उपयोगी हे माणसाच्या पूर्वजांवर अवलंबून असते. इतकी साधी गोष्ट अर्जावर दोन ओळींत सांगता आली असती. शिवाय संपूर्ण अहवाल इंग्रजीत होता. ज्यांना फोड आल्यावर गोळी थांबवायची आहे त्या बाबांनाच ती सूचना वाचता येत नसेल, तर ती कोणासाठी लिहिली आहे? मी तिचे मराठी भाषांतर करून औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले.

दादाच्या सेवेची कथा वेगळी आहे. सुंदर खोका, लाळेची नळी, पाच आठवड्यांची प्रतीक्षा, आणि मग सेहेचाळीस पानांचा रंगीत अहवाल. प्रत्येक पानावर एक जनुकरूप आणि त्यापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका. दादाच्या एचएलए-बी जनुकाची दोन रूपे बी २७ आणि बी ५७ अशी दाखवली होती. बी २७ समोर लाल ठिपका होता आणि ‘मणक्याच्या दाहक विकाराचा उच्च धोका’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. बी ५७ समोर हिरवा ठिपका आणि ‘विषाणूंविरुद्ध उत्तम संरक्षण’. दादा सदतीस वर्षांचा आहे, दिवसभर खुर्चीत बसून काम करतो आणि त्याची कंबर अधूनमधून दुखते. तो लाल ठिपका पाहिल्यापासून तो कित्येक रात्री झोपला नाही. वहिनी मला फोनवर म्हणाली, ‘‘ताई, ते उठता-बसता पाठीला हात लावून बघतात.’’

त्या लाल ठिपक्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती अर्धवट सांगितली गेली हीच माझी मुख्य तक्रार आहे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे तोच मणक्याचा दाहक विकार, आणि बी २७ यांचा संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी एकाच वर्षी दाखवला. युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये हे रूप असते, तर त्याच समाजातील सर्वसाधारण लोकांमध्ये सुमारे आठ टक्क्यांमध्ये. एवढेच वाचले तर कोणीही घाबरेल. पण प्रश्न उलट बाजूने विचारायला हवा: बी २७ असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना हा आजार होतो? साधारण एक ते पाच जणांना. जवळच्या नातलगाला हा आजार असेल तर हे प्रमाण बरेच वाढते. आमच्या कुटुंबात तो कोणालाही नाही. रुग्णांपैकी किती जण वाहक आहेत आणि वाहकांपैकी किती जण रुग्ण होतात, हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी छापणे ही चूक ज्याला गणित कळते त्याच्याकडून तरी होऊ नये.

शेवटी दादाला संधिवाततज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारले. पाठ सकाळी उठल्यावर आखडलेली असते का आणि ती मोकळी व्हायला किती वेळ लागतो? विश्रांतीने दुखणे कमी होते की हालचालीने? पहाटेच्या सुमारास दुखण्याने जाग येते का? डोळा लाल होऊन दुखला होता का कधी? दाहक विकारात दुखणे हळूहळू सुरू होते, तीन महिन्यांहून अधिक टिकते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. दादाचे नेमके उलट होते: दिवसभर बसल्यावर दुखते, आडवे झाल्यावर थांबते. त्यांनी बसण्याची पद्धत सुधारायला सांगितली, कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे ते समजावले आणि आम्हाला घरी पाठवले. हीच बी २७ ची तपासणी तीन महिने सकाळी पाठ आखडणाऱ्या तरुणासाठी निदानाला मोलाचा आधार ठरली असती. दादाला मात्र तिने फक्त जागवले.

अहवालाच्या दर्जाविषयी आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. या रूपांच्या नावात दोन अंकजोड्या असतात. पहिली गट सांगते, दुसरी त्या गटातील नेमके प्रथिन. बी २७:०५ चा मणक्याच्या विकाराशी पक्का संबंध आहे, पण सार्डिनियात आढळणाऱ्या बी २७:०९ चा आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या बी २७:०६ चा तसा संबंध जवळजवळ दिसत नाही. २७:०५ आणि २७:०९ यांच्यात केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि तो पन्हळीच्या तळाशी आहे. बी ५७ चेही तसेच: अबाकाविर या औषधाची घातक प्रतिक्रिया ५७:०१ शी जोडलेली आहे, ५७:०३ शी नाही. दादाच्या अहवालात नुसते ‘बी २७’ आणि ‘बी ५७’ होते. शेवटच्या पानावरील बारीक टीप वाचल्यावर कळले की हे एचएलए जनुक प्रत्यक्ष वाचलेलेच नाहीत. त्यांच्या आसपासच्या काही खुणांवरून त्यांचे अनुमान केलेले आहे. अशी अनुमाने ज्या लोकसमूहाच्या नमुन्यांवर बेतलेली असतात त्यांच्यासाठी बऱ्यापैकी जुळतात, इतरांसाठी ती चुकू शकतात. बी ५७:०१ साठी वापरली जाणारी शेजारच्या जनुकातील एक प्रसिद्ध खूण युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये उत्तम चालते, पण तेवढ्यावरून इतर सर्वांविषयी तशीच खात्री देता येत नाही. ‘अनुमानित’ हा शब्द प्रत्येक पानावर, ठिपक्याच्या शेजारी असायला हवा होता.

लाल आणि हिरव्या ठिपक्यांविषयी मला जे म्हणायचे आहे ते या दोन रूपांच्या उदाहरणातूनच स्पष्ट होते. एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या लोकांमध्ये ज्यांच्याकडे बी ५७ किंवा बी २७ आहे, त्यांच्यात आजार सरासरी हळू पुढे सरकतो; त्यांच्या पन्हळीत विषाणूचे असे तुकडे बसतात जे बदलणे विषाणूला महागात पडते. म्हणजे ज्या बी २७ समोर लाल ठिपका आहे ते येथे उपकारक आहे. आणि ज्या बी ५७ समोर हिरवा ठिपका आहे, त्यातील ५७:०१ असलेल्या रुग्णाला एचआयव्हीवरचेच अबाकाविर हे औषध दिले तर ताप, पुरळ, उलट्या, श्वासाचा त्रास अशी प्रतिक्रिया होऊ शकते. औषध थांबवून पुन्हा दिले तर ती जीवावर बेतू शकते. २०१२ मध्ये स्पष्ट झाले की अबाकाविरचा रेणू ५७:०१ च्या पन्हळीच्या तळाशी जाऊन बसतो, पन्हळीचा आकार बदलतो, आणि मग आपलेच काही तुकडे टी पेशींना परके वाटू लागतात. त्याआधी २००८ मध्ये १९ देशांतील १,९५६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तपासणी न करता औषध दिलेल्या गटात २.७ टक्के रुग्णांमध्ये प्रतिकारयंत्रणेची खात्रीशीर प्रतिक्रिया आढळली, आणि तपासणी करून ५७:०१ असलेल्यांना वगळलेल्या गटात ती शून्यावर आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अबाकाविरआधी या तपासणीची शिफारस केली. रूप एकच, एका प्रसंगी तारणारे आणि दुसऱ्या प्रसंगी मारक. त्याला एकच रंग देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे, आणि आजारपणाविषयीच्या कागदावर अशी दिशाभूल मला अक्षम्य वाटते. दादाच्या अहवालात अबाकाविर हा शब्द कोठेही नव्हता.

बाकीच्या पानांविषयी थोडक्यात लिहिते. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सीलिअॅक आजाराच्या पानावर एचएलएचेच डीक्यू २ हे रूप ‘पॉझिटिव्ह’ म्हणून पिवळा ठिपका होता. अनेक लोकसमूहांत ३० ते ४० टक्के लोकांकडे डीक्यू २ किंवा डीक्यू ८ असते आणि त्यांतील फारच थोड्यांना आजार होतो, त्यामुळे या तपासणीचा खरा उपयोग ती नकारात्मक आली तर निदान जवळजवळ बाद करण्यासाठी आहे. हिपॅटायटिस सीच्या पानावर इंटरफेरॉन लॅम्डा या विषाणूविरोधी प्रथिनाशी निगडित जनुकरूपावरून ‘उपचाराला चांगला प्रतिसाद’ असे भाकीत होते. हा शोध २००९ चा, आणि त्या काळी तो फार मोलाचा होता, कारण इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन यांचा उपचार लांब, त्रासदायक आणि बेभरवशाचा होता. २०१३ नंतर थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ लागले आणि त्या भाकिताची गरज उरली नाही. पान मात्र अजून विकले जात आहे. रितुक्सिमॅब या प्रतिपिंड-औषधाविषयीचे पान वैज्ञानिकदृष्ट्या रंजक आहे, पण प्रतिकारपेशीवरील ज्या एफसी ग्राहकरेणूला ते चिकटते त्यातील फरकावरून डॉक्टर औषध बदलत नाहीत.

आणि जेथे काही उपयोगाचे सांगता आले असते तेथे अहवाल गप्प आहे. दादाकडे ए ०२ गटातील रूप आहे आणि त्यापुढे ‘सर्वसामान्य’ एवढाच शेरा होता. डोळ्याच्या आतील मेलानोमा पसरल्यावर दिले जाणारे टेबेंटाफस्प हे औषध २०२२ मध्ये मान्य झाले. ते केवळ ए ०२:०१ असलेल्या रुग्णांनाच दिले जाते, कारण ते त्या रेणूत बसलेल्या कर्करोगाच्या तुकड्यालाच पकडते. चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के रुग्ण वर्षअखेर हयात होते; इतर उपचार घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के. येथे एचएलए तपासणी धोका सांगत नाही, दार उघडते की नाही ते सांगते. दादाला हा आजार नाही आणि होऊ नये, पण प्रतिकाररेणूंच्या फरकाने उपचार कसा बदलतो हे सांगायचेच होते, तर याहून उत्तम उदाहरण नव्हते.

कंपनीच्या सेवेत समुपदेशकाशी वीस मिनिटांचे दूरध्वनी संभाषण समाविष्ट होते. बाई सौजन्याने बोलल्या, हे आवर्जून नोंदवते. पण दादाने ‘बी २७ मधले नेमके कोणते’ असे विचारल्यावर त्यांना प्रश्नच नवा होता, आणि संभाषणाच्या शेवटी त्यांनी ‘आपल्या जनुकांना अनुरूप’ अशा प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांची यादी पाठवली. कोणतीही गोळी एचएलएचे रूप बदलत नाही. माणसाला आधी लाल ठिपका दाखवून घाबरवायचे आणि मग त्याच हाताने गोळ्या पुढे करायच्या, या व्यवहाराचा मला मनस्वी संताप आला आणि तो मी येथे लपवत नाही.

ही तपासणी घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: उत्तर ‘आहे’ आले तर मी काय वेगळे करणार आहे, आणि ‘नाही’ आले तर काय? कार्बामाझेपिन किंवा त्याचे भावंड ऑक्सकार्बाझेपिन सुरू करण्याआधी या प्रश्नाला उत्तर आहे. अबाकाविरआधी आहे. संधिवाताच्या गाऊट प्रकारात दिल्या जाणाऱ्या अॅलोप्युरिनॉलआधीही काही लोकसमूहांसाठी आहे: २००५ च्या तैवानी अभ्यासात गंभीर त्वचाप्रतिक्रिया झालेल्या ५१ पैकी ५१ रुग्णांमध्ये बी ५८:०१ होते, औषध सोसलेल्या १३५ जणांपैकी २० जणांमध्ये. अवयव किंवा अस्थिमज्जा रोपणात तर एचएलए तपासणीवाचून पाऊल पुढे पडत नाही. सख्ख्या भावंडांमध्ये पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि तेथे दोन्ही अंकजोड्या वाचणारी तपासणीच करावी लागते. कार्बामाझेपिन अनेक महिने विनातक्रार घेत असलेल्यांनी मात्र धास्तावून तपासणीला धावू नये, कारण या प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच होतात; शंका असल्यास डॉक्टरांशी बोलावे, गोळी परस्पर बंद करू नये, कारण फेफऱ्याच्या रुग्णाने औषध एकाएकी सोडणे स्वतःच धोक्याचे असते.

सेवा निवडताना जनुक प्रत्यक्ष वाचले जाते की अनुमान केले जाते, निकाल दोन्ही अंकजोड्यांसह मिळतो का, आणि अहवालावर सही करणारा तज्ज्ञ कोण, हे लेखी विचारावे. नमुन्याचे आणि माहितीचे पुढे काय होते हेही विचारावे. दादाची दोन रूपे कळली म्हणजे त्यांतील प्रत्येक माझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे हेही कळले. मी कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. दादाने नमुना नष्ट करण्याची विनंती केली तेव्हा कंपनीने ती मान्य केली, पण संशोधनासाठी आधीच पुढे दिलेली माहिती परत घेता येणार नाही असे कळवले. संमतीपत्रात ते लिहिलेले होते, आणि दादाने ते वाचले नव्हते.

बाबांनी बी १५:०२ आणि ए ३१:०१ असे दोन्ही अहवाल नकारात्मक आल्यावर कार्बामाझेपिन कमी मात्रेने सुरू केले. आता तिसरा महिना संपत आला आहे, कळ आठवड्यातून एखाद्या वेळी येते आणि सकाळी ते आरशासमोर निवांत दाढी करतात. रक्तातील सोडियमची आणि पेशींची तपासणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू आहे, कारण एचएलए अहवाल त्या तपासणीची जागा घेत नाही. डब्याच्या झाकणावरचा कागद अजून तेथेच आहे.